गच्चीवरचा गुरू

ग्रह बघायला पुण्याबाहेर जावं लागत नाही. दुर्बीण घेतल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता घरचे ते माझ्या आधी पूर्ण करतात. शहरात एवढा दिव्यांचा उजेड, धूळ, धूर, मग आकाशात दिसणार काय, असा सगळ्यांचा सूर असतो. तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्या असतील तर तो बरोबरही आहे. त्यासाठी वेल्ह्याकडे, पानशेतच्या पलीकडे किंवा भोरच्या बाजूला जाऊन अंधार शोधावा लागतो. पण गुरूचं तसं नाही. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर विरुद्ध बाजूला गुरू असताना, त्याची प्रत उणे २.७ च्या आसपास जाते. प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका कमी तितकी वस्तू तेजस्वी. सातारा रस्त्यावरचे सगळे दिवे लागलेले असतानाही सहकारनगरातून तो नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत दिसतो. उजेडाने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते हवेने, आणि हवेतही धुळीने कमी, उष्णतेने जास्त. वाचलं होतं हे सगळं आधीच. पटायला मात्र एक अख्खा हिवाळा सोसायटीच्या गच्चीवर काढावा लागला.

दुर्बीण सहा इंची आहे. तळाच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. नळी न्यूटन पद्धतीची, म्हणजे आयपीस, डोळा लावायचं भिंग, वरच्या टोकाला, बाजूने. बैठक डॉबसन पद्धतीची, म्हणजे जमिनीवर ठेवायची फिरती लाकडी पेटी. मोटर नाही, बटणं नाहीत. आकाश सरकेल तशी नळी हाताने सरकवायची. घेण्याआधी टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन आलो होतो. १९४४ सालची ही संस्था, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी. दुसऱ्यांच्या दुर्बिणींना डोळा लावून बघितल्याचा मोठा फायदा असा की दुकानातल्या खोक्यांवरचे आकडे डोक्यातून निघून जातात. खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं आणि आतलं भिंग जेमतेम ६० मिलिमीटरचं. ढोबळ नियम असा की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपर्यंत प्रतिमा तग धरते. साठला एकशेवीस. त्यापुढे चित्र फुगतं, त्यात नवीन काही येत नाही. या हिशेबाने माझ्या दुर्बिणीची मर्यादा ३०० पट आहे, पण पुण्याच्या हवेत मी २०० च्या वर क्वचितच जातो. बहुतेक रात्री १० मिलिमीटरच्या आयपीसने मिळणाऱ्या १२० पटींवर (१२०० भागिले १०) भागतं.

सहा इंच म्हणजे किती लहान, हे सांगायला पुण्यात एक चांगलं माप आहे. १८८० च्या दशकात इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नेगमवाला या प्राध्यापकांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून त्यांचं नाव. तिथली ग्रब या दुर्बीणकारांनी बनवलेली परावर्तक, म्हणजे आरशाची, दुर्बीण वीस इंची होती आणि अनेक वर्षं भारतातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. संगम पुलावरून जाताना मी अजून त्या बाजूला बघतो. तेव्हाच्या पुण्यात ना एवढं काँक्रीट, ना एसी. त्या वीस इंचांतून गुरू कसा दिसत असेल, याचा हेवा वाटतो.

गच्चीची किल्ली हे वेगळंच प्रकरण. एका ३१ डिसेंबरच्या पार्टीनंतर सोसायटीने गच्चीला कुलूप घातलेलं. सेक्रेटरीकाकांनी विचारलं, “रात्री अकरा वाजता वर काय काम असतं हो तुमचं?” मी म्हटलं, “काका, नोव्हेंबरात गुरू उगवतोच दहाच्या सुमारास. समोरच्या बिल्डिंगच्या वर यायला त्याला अकरा वाजतात.” त्यांनी लेखी अर्ज मागितला. मी ‘आकाशनिरीक्षणासाठी’ असा रीतसर अर्ज दिला. त्यावर ‘पाण्याच्या टाकीच्या झाकणास हात लावू नये’ असा शेरा मारून त्यांनी किल्ली दिली. टाकीचा आणि गुरूचा संबंध मला आजवर कळलेला नाही, पण शेरा अर्जावर आहे. जिन्याच्या तोंडाशी माणूस आला की आपोआप पेटणारा एक दिवा आहे, त्याबद्दलही परवानगी मागायच्या तयारीत मी होतो. पुढे त्याची गरजच राहिली नाही. का, ते नंतर सांगतो.

दुर्बिणीतून गुरू पहिल्यांदा बघणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच शब्द उच्चारतो: “एवढासाच?” मी त्यांना हिशेब सांगतो. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती होती तेव्हा गुरू आपल्यापासून सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर होता आणि त्याची तबकडी साधारण ४७ विकला रुंद होती (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं की माझी दुर्बीण ४८ पट दाखवते. गुणाकार केला तर गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडा मोठाच भरतो. १२० पटींवर तर चंद्राच्या तिप्पट. हे कुणालाही पटत नाही. काळ्या गोल चौकटीत, शेजारी माप घ्यायला काही नसताना, मेंदू त्या तबकडीला वाटाण्याएवढीच ठरवून मोकळा होतो. मलाही तो हिशेब माहीत असूनसुद्धा ती लहानच वाटते. फरक एवढाच पडला की आता मी आकार बघायला जात नाही.

नोव्हेंबरातला गुरू क्षितिजाच्या जवळ असताना बघण्यात फारसा अर्थ नव्हता. तबकडीच्या एका कडेला लालसर आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसायची. दुर्बीण आरशाची आहे, तिच्यात रंग फुटायचं कारण नाही. क्षितिजालगत प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो आणि हवाच लोलकाचं काम करते. गुरू वर चढला की झालर जाते. यंदा तो मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी होता, म्हणजे पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. उंच ग्रह म्हणजे हवेचा थर सर्वांत पातळ, त्यामुळे आपल्यासाठी चैनच. फक्त डॉबसन बैठकीला डोक्यावरची जागा नकोशी असते. नळी सरळ उभी राहिली की ती बाजूला नेमकी कुठे ढकलायची तेच समजत नाही. थोडं सरकवायचं तर अख्खी पेटी गर्रकन फिरवावी लागते. म्हणून गुरू अगदी माथ्यावर असताना मी खाली जाऊन चहा पितो आणि अर्ध्या तासाने तो पश्चिमेकडे कलला की वर येतो.

आता उष्णतेचं. आमच्या गच्चीचे दोन भाग आहेत. जुन्या भागावर पांढरा चायना मोझॅक आहे. नव्या भागावर दोन वर्षांपूर्वी गळती थांबवायला काळी डांबरी शीट टाकली. काळ्या भागावर कठडा कमी आणि पूर्वेचं आकाश मोकळं, म्हणून दुर्बीण साहजिकच तिथे लावली. आकाश काचेसारखं स्वच्छ, थंडी चांगली, आणि गुरू मात्र उकळत्या दुधासारखा. कड स्थिर राहीना, पट्टे दिसले न दिसले तोच विरून जायचे. आरसे जुळलेले नाहीत का, हे आधी तपासलं. न्यूटनच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात आणि ते एका रेषेत असावे लागतात. याला सगळे कॉलिमेशन म्हणतात. त्यासाठी बाजारात लेझर मिळतो. माझ्याकडे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी आहे. तिच्या झाकणाला मधोमध बारीक भोक पाडलं आणि बुड कापलं की ती आयपीसच्या सव्वा इंची नळकांड्यात नेमकी बसते. भोकातून बघायचं आणि तळाच्या आरशामागचे स्क्रू फिरवत सगळी वर्तुळं एकात एक आणायची. कॉलिमेशन ठीक होतं.

मग एक तेजस्वी तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस केला. असं केलं की ताऱ्याच्या जागी प्रकाशाची गोल चकती दिसते, आणि हवेत काय चाललंय ते त्या चकतीवर वाचता येतं. त्या रात्री चकतीवरून एका बाजूने वर जाणारा संथ प्रवाह दिसत होता. तो नळीतला. आरसा घरातून आणलेला, काच जाड, ती बाहेरच्या हवेइतकी थंड व्हायला पाऊण तास तरी जातो. तोवर तिच्यावरून गरम हवा नळीतून वर चढत राहते. त्याच्या जोडीला सगळ्या चकतीभर एक बारीक, भराभर पळणारी थरथर होती. ती तासाभराने आरसा निवल्यावरही गेली नाही. दुर्बीण उचलून मोझॅकच्या भागावर, टाकीच्या आडोशाला नेली आणि पुन्हा तोच तारा बघितला. थरथर नाहीशी झाली नाही, पण निम्म्याने उतरली. गुरूवर आलो तर दोन्ही पट्टे जागेवर थांबलेले. काळी शीट दिवसभराचं ऊन साठवते आणि रात्री उशिरापर्यंत परत सोडत बसते. पांढऱ्या मोझॅकने ते आत घेतलेलंच कमी असतं. तळहात टेकवला तरी फरक कळतो. त्यानंतर मी दुर्बीण कुठे लावायची ते आधी हाताने जमीन चाचपून ठरवतो, आणि ज्या दिशेला बघायचं त्या रेषेत खाली कुणाच्या एसीचं बाहेरचं यंत्र किंवा सोलरची टाकी नाही ना, तेही बघून घेतो. दुर्बीण संध्याकाळी सातलाच वर नेऊन ठेवतो आणि जेवून परत येतो.

यानंतर हवामानाकडे बघायची माझी नजरच बदलली. उत्तरेचं वारं सुटतं, शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली जातो, पेपरात शेकोटीचे फोटो येतात, आणि मित्रांचे फोन येतात, “आज काय मस्त आकाश आहे, बघतोयस ना?” आकाश मस्त असतं, पण व्याध नुसता चमचमत असतो. लाल, निळा, हिरवा. तारे असे लुकलुकत असले, त्यातही डोक्यावरचे, की गुरूचं चित्र हमखास विस्कटलेलं मिळतं. याउलट एखाद्या रात्री वारा पडलेला, पर्वतीच्या टेकडीभोवती धुरकट थर साचलेला, रोहिणी कशीबशी दिसतेय, आणि गुरू आयपीसमध्ये कोरून काढल्यासारखा. हवा जागची हलत नाही म्हणून धूरही हलत नाही आणि प्रतिमाही. त्या धुराचं कौतुक नाही, फुप्फुसांना तो वाईटच. पण ग्रह बघणाऱ्याने धुरकट रात्र पाहून दुर्बीण झाकून ठेवू नये, हे मी कुणालाही सांगेन.

इतकं जमलं तरी गुरू लगेच दिसत नाही. हे विचित्र वाटेल, पण डोळ्यालाही शिकावं लागतं. सुरुवातीला विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे दोन तपकिरी पट्टे दिसतात, बास. तबकडी दोन्ही टोकांना चेपलेली आहे हे लक्षात यायलाही वेळ लागतो. खरं तर चेपलेपण चांगलं सहा-साडेसहा टक्क्यांचं आहे, कारण हा एवढा मोठा गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतो. मग मी चित्र काढायला लागलो. माझी चित्रकला शाळेतल्या बाईंनी केव्हाच निकालात काढली होती, पण इथे कला लागत नाही. आधीच चेपटं वर्तुळ छापलेला कागद, एचबी पेन्सिल, लहान टॉर्च आणि बसायला स्टूल. स्टूल महत्त्वाचं. उभं राहून, मान वाकडी करून कुणालाही बारकावे दिसत नाहीत. हवा सतत सारखी नसते. मिनिटभर सगळं लिबलिबीत असतं आणि मध्येच सेकंद-दोन सेकंद चित्र स्वच्छ थांबतं. त्या क्षणात जे दिसेल तेवढंच कागदावर मांडायचं आणि पुढच्या क्षणाची वाट बघायची. कागद पुढ्यात असला की डोळा प्रश्न विचारायला लागतो: दक्षिणेकडचा पट्टा इथे रुंद आहे का? उत्तरेकडच्या पट्ट्याची कड सरळ आहे की दातेरी? असं करता करता उत्तर पट्ट्यातून विषुववृत्ताकडे निघालेले निळसर-करडे धागे दिसायला लागले. डिसेंबरात मी ते मोजके पकडू शकत होतो. दुर्बीण तीच, आयपीस तेच.

एवढ्यात गुरू पळत असतो, हे विसरून चालत नाही. म्हणजे पळते पृथ्वी. १२० पटींवर तो आयपीसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मिनिटांच्या आत निघून जातो. २०० पटींवर तर मिनिटभरात. ढकल, थांब, बघ, परत ढकल. याचा एक उपयोग मात्र आहे. न्यूटनच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, शिवाय गुरू डोक्यावर असला की वर-खाली याला अर्थच उरत नाही. अशा वेळी हात काढून घ्यायचा. ग्रह ज्या बाजूने बाहेर जातो ती पश्चिम.

लाल डागाची, म्हणजे गुरूच्या ढगांतल्या प्रचंड वादळाची, गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्याची कीर्ती त्याच्या दर्शनापेक्षा फार मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात तो चांगला लांबरुंद होता. आता आकसत आकसत पृथ्वीच्या व्यासाहून थोडाच मोठा उरलाय. सहा इंचांतून तो लाल दिसत नाही, फिकट केशरी-गुलाबी दिसतो, तोही हवा चांगली असेल तर. आधी दिसते ती दक्षिण पट्ट्याला पडलेली खाच, आणि मग त्या खाचेत काहीतरी बसलंय हे कळतं. तो समोर कधी येणार हे मोबाइलवर बघून ठेवावं लागतं. आज दिसला तर परवा दीड तासाहून थोडं अधिक उशिरा पुन्हा दिसणार, कारण तेवढ्यात गुरूच्या पाच फेऱ्या होतात.

मला त्याहून कितीतरी जास्त आवडल्या त्या सावल्या. आयो हा गुरूचा चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत आतला. तो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फिरतो, त्यामुळे दर फेरीत एकदा त्याची सावली गुरूच्या ढगांवरून जाते. प्रतियुतीच्या आधी सूर्य आणि आपण यांच्यातला कोन असा असतो की सावली पुढे आणि आयो मागून. डिसेंबरातल्या एका रात्री तबकडीच्या पूर्व कडेला आधी नुसती एक टवका उडाल्यासारखी जागा दिसली. पाच-सात मिनिटांत तिचा काळाकुट्ट ठिपका झाला. गुरूवर दिसणारं बाकी सगळं फिकट, पुसट, ‘आहे की नाही’ अशा जातीचं. हा ठिपका मात्र शाईचा. त्याच्यामागून आयो तबकडीला चिकटला आणि उजळ ढगांवर आला तसा दिसेनासा झाला. ढगही तेजस्वी आणि तोही तेजस्वी. सावलीला आरपार जायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. त्या ठिपक्याच्या जागी उभं राहिलं तर खग्रास सूर्यग्रहण दिसेल, म्हणजे गुरूवर उभं राहायला जमीन असती तर.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना हे सगळं बघायचं होतं. त्यांचा पहिला प्रश्न, “अरे, गुरू वक्री आहे म्हणतात. उलटा जाताना दिसेल का रे तुझ्या दुर्बिणीतून?” वक्री तर तो होताच, पंचांग बरोबर आहे. पृथ्वी आतल्या कक्षेतून जोरात येऊन गुरूला मागे टाकते तेव्हा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो काही महिने उलटा सरकल्यासारखा दिसतो. आणि ती मागे टाकायची वेळ म्हणजेच प्रतियुती, म्हणजेच तो सर्वांत जवळ आणि सर्वांत मोठा. मी म्हटलं, “आजी, ज्याला तुम्ही वक्री म्हणून नावं ठेवता ना, तोच आमचा सीझन.” त्या हसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा चालेल का, विचारलं. मी म्हटलं, उलट उत्तम चालेल, आत नवी भिंगं आहेत. त्या स्टुलावर बसल्या, थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, “हे चार दिवे कसले?” आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो, यंदा चौघं जवळपास सरळ रेषेत असतात. नावं त्यांना नको होती. “हलतोय की रे हा. थांब म्हण त्याला,” म्हणत त्यांनी स्वतःच नळीला बोट लावलं आणि गुरू गेला तो थेट मिथुन राशीबाहेर. परत शोधून दिला. गुरुवारी बघितलं तर पुण्य जास्त का, हा प्रश्न मी सेक्रेटरीकाकांकडे पाठवला.

मघाशी दिव्याबद्दल म्हणालो होतो. दीर्घिका बघताना डोळे अंधाराला सरावलेले लागतात, अर्धा अर्धा तास उजेड टाळावा लागतो. गुरूचं उलटं आहे. तो इतका तेजस्वी आहे की पूर्ण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला त्याचा झगमगाट होतो आणि पट्टे त्यात बुडतात. शिवाय अंधारात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही. रंग कळतो तो उजेडातल्या पेशींना. त्यामुळे अनुभवी लोक ग्रह बघताना जवळ पांढरा दिवा चालू ठेवतात. जिन्यातला तो आपोआप पेटणारा दिवा मी मग तसाच राहू दिला. लाल डागाच्या खाचेतला फिकट रंग मला पहिल्यांदा नीट जाणवला तो कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढायला वर आलं आणि तो दिवा पेटला तेव्हा. मार्चमध्ये तर गुरू संध्याकाळीच उंच असायचा. सूर्य मावळल्यावर आकाश अजून निळं असताना तो बघायला सगळ्यांत सुखाचा: झगमगाट नाही, पट्ट्यांचे तपकिरी रंग शांत आणि स्पष्ट. पूर्ण काळोख झाला की तोच गुरू डोळ्यांत खुपायला लागतो.

मार्चअखेरीची एक संध्याकाळ सांगायलाच हवी. दहावीचे पेपर संपलेला शेजारचा मुलगा वर आला होता. प्रतियुतीनंतर सगळं उलटं होतं. आता आयो गुरूच्या मागे जातो आणि बाहेर येताना कडेपाशी उगवत नाही, कारण तो गुरूच्या सावलीत असतो. सावली कडेच्या पुढे तिरकी पडलेली असते, म्हणून तो कडेपासून काही अंतर सोडून, मोकळ्या काळ्या जागेत उजळतो. मुलाने मोबाइलवर वेळ बघून ठेवली होती. मी त्याला आयपीस दिलं आणि स्वतः मोबाइलचं घड्याळ हातात घेतलं. “काही नाही... काही नाही... काका, काहीतरी आहे!” एक अगदी बारीक टिंब. बघता बघता ते वाढत गेलं आणि तीन-चार मिनिटांत बाकीच्या चंद्रांच्या बरोबरीचं झालं. त्याने मला ढकलून परत दोनदा बघितलं.

मग मी त्याला रोमरची गोष्ट सांगितली. ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञाने पॅरिसमध्ये आयोच्या याच ग्रहणांच्या वेळा तपासल्या आणि पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना त्या हळूहळू उशिरा येतात हे दाखवलं. आयो उशीर करत नाही. बातमी पोचायला वेळ लागतो. १६७६ साली प्रकाशाला वेग आहे याचा पहिला चांगला पुरावा मिळाला तो असा. जानेवारीत गुरूचा प्रकाश इथे यायला ३५ मिनिटं लागत होती, मार्चअखेर ४१ च्या पुढे. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग मोबाइलवर दाखवतात ती वेळ तिथली की इथली?” इथली, प्रकाशाचा प्रवास धरून काढलेली. पण हा प्रश्न कुठल्याही मोठ्या माणसाने मला विचारला नव्हता. त्यांचा प्रश्न ठरलेला: “फोटो निघतो का?”

निघतो. आयपीसला मोबाइल टेकवला की आधी नुसता पांढरा गोळा येतो. एक्स्पोजर ओढून खाली आणलं की पट्टे येतात. त्याहून चांगलं हवं तर व्हिडिओ घेऊन त्यातल्या हजारो चौकटींपैकी स्थिर तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या. डोळा त्या सेकंदभराच्या क्षणांत जे करतो तेच सॉफ्टवेअर करतं, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलं करतं. माझ्या पेन्सिलीपेक्षा तर कितीतरी. तरीही मी त्या वाटेला गेलेलो नाही. कॅमेरा लावला की रात्रभर माणूस स्क्रीनकडे बघत बसतो, आणि स्क्रीन मला दिवसभर ऑफिसात असतेच.

आता उन्हाळा आलाय. मोझॅकसुद्धा रात्री दहापर्यंत गरम असतो आणि गुरू रोज पश्चिमेकडे थोडा अजून खाली. ९ जूनच्या सुमारास संध्याकाळी तो शुक्राच्या अगदी जवळ दिसेल, पाऊस लवकर आला नाही तर. त्यानंतर चार महिने दुर्बीण बंद. दोन्ही तोंडांना झाकणं, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि कपाटात न ठेवता हवा खेळती असेल अशा खोलीत; दमटपणात आरशावर बुरशी धरते आणि ती पुसायला गेलं की ओरखडे पडतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनीची प्रतियुती आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी पृथ्वीवरून पाहता एका रेषेत येऊन जवळजवळ दिसेनाशी झाली होती, ती आता परत उघडू लागली आहेत. आजींनी शनिवारचं विचारून ठेवलंय.

त्याआधी एक लढाई आहे. पावसाळ्यापूर्वी उरलेल्या गच्चीवरही काळी शीट टाकायची असा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये येणार आहे, कारण वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये ओल दिसतेय. गळती खरी आहे, नाही म्हणता येत नाही. मी शीटवर पांढरा उष्णतारोधक रंग मारायची सूचना मांडणार आहे. ग्रहाचं नाव काढणार नाही. वरच्या मजल्यावरच्यांना सांगणार आहे की खोली थंड राहील, आणि तेही खोटं नाही. दोन ठिकाणांहून कोटेशन मागवलंय. सेक्रेटरीकाका म्हणाले, खर्च किती वाढतो ते आधी बघू.